साक्षीने बोलायचं नसतं

“हिला बसवा ना दादा. हिला तोंडच नाहीये.”

मी दाराबाहेर चपला काढत होते. बोलत होत्या त्या शिंदेकाकू, आमच्या खालच्या मजल्यावरच्या. आतून गाद्या झटकल्याचा आवाज येत होता. मग एक मऊ पुरुषी आवाज म्हणाला, “मग तर फारच छान. तोंड नसलेली माणसंच हवी असतात मला.” दोघं हसले. मी चपला रॅकवर नीट लावल्या आणि काही न ऐकल्यासारखं करून आत गेले. शाळेपासून मला हे चांगलं जमतं.

नौपाड्यात चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तो हॉल होता. सकाळी योगवर्ग, संध्याकाळी कथक आणि रविवारी दादा. दादा श्वासाची सत्रं घ्यायचे. लोकांनी डोळ्यांवर पट्टी बांधून गादीवर आडवं व्हायचं आणि मोठ्याने लावलेल्या ढोलांच्या तालावर भराभर, खोल श्वास घेत राहायचं. थांबायचं नाही. थोड्या वेळाने माणूस आपल्या रोजच्या डोक्यातून बाहेर पडतो. कुणी ओरडतं, कुणी हसत सुटतं, कुणाला गेलेली माणसं दिसतात, कुणी गुडघे पोटाशी घेऊन लहान मुलासारखं पडून राहतं. हे खोटं नसतं, ते मी जवळून पाहिलं आहे. प्रत्येक आडव्या माणसाजवळ एक जागा माणूस बसवतात. त्याने पाणी द्यायचं, डोकं भिंतीवर आपटू द्यायचं नाही आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. त्या माणसाला दादा ‘साक्षी’ म्हणायचे.

माझं नाव रेवती. पण त्या हॉलमध्ये दोनेक रविवारांत मी साक्षीच झाले. “साक्षी, खिडकी लाव.” “साक्षी, चहा सांगून ये.” नंतर आलेल्या एका बाईंनी तर मला विचारलं, “साक्षी बेटा, आडनाव काय तुझं?” मी आडनाव सांगितलं. नाव दुरुस्त करायचं राहून गेलं.

दादा पन्नाशीचे असतील. अंगावर पांढरा सुती कुर्ता, पण दाराबाहेर काढलेले बूट काळे, पॉलिश केलेले, आत गुंडाळून ठेवलेले मोजे. अनेक वर्षं ते औषध कंपनीचे एमआर होते, डॉक्टरांकडे औषधं खपवत फिरायचे, आणि एमआर त्यांच्यातून कधी गेला नाही. दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसून माणूस कसा हेरायचा, हे ते शिकले होते. नवीन आलेल्या बाईशी चहाच्या वेळी पाच मिनिटं गप्पा मारल्या की माहेर कुठलं, भावंडं किती, सासू जवळ राहते की लांब, सगळं त्यांच्या डोक्यात बसायचं आणि पुढे कधी पुसलं जायचं नाही. “तुमच्या अनिकेतची परीक्षा कशी गेली?” असं त्यांनी विचारलं की ती बाई विरघळायची. तिच्या घरात कुणी विचारत नसेल एवढ्या आपुलकीने ते विचारायचे.

एमआरची आणखी एक सवय. डॉक्टरसमोर रंगीत पानं उघडून धरायची तर पान डॉक्टरकडे, आपल्याकडे त्याची पाठ, आणि पेन वरून खाली धरून न बघता ओळीवर टेकवायचं. दादा लोकांची चित्रं तशीच दाखवायचे. सत्र संपलं की प्रत्येकाने एक शब्दही न बोलता कागदावरच्या गोलात चित्र काढायचं असा नियम होता. मग सगळे वर्तुळात बसायचे. दादा चित्र छातीशी धरायचे, तोंड आमच्याकडे करून, आणि वरून पेन टेकवत अर्थ सांगायचे. “हे बघा, इथे पिवळा. हा बाप.” पेन बरोबर पिवळ्यावर असायचं. लोक थक्क व्हायचे. चित्राकडे ते एकदाही नीट बघायचे नाहीत, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नव्हतं. कारण सगळे दादांकडे बघत असायचे.

तोंडात सतत लवंग. खांद्यावर एक मोठा नॅपकिन, मूळचा पांढरा. रडणाऱ्या माणसाचे डोळे ते त्या नॅपकिनाने पुसायचे. मग पुढच्याचं नाक. मग त्याच नॅपकिनाने स्वतःची मान. मग पुन्हा पुढची गादी. एकदा एका मुलीने तोंड फिरवलं, तर म्हणाले, “बघा, हिला प्रेम घेता येत नाही.” सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मुलीने तोंड पुढे केलं.

त्यांचं एकच वाक्य होतं, “येऊ दे.” रडू आलं, येऊ दे. उलटी आली, येऊ दे. ते खाली वाकून अगदी कानाशी म्हणायचे. लवंगेचा वास शेजारच्या गादीपर्यंत यायचा.

आईला तिथे शिंदेकाकूंनी नेलं. बाबा गेल्यावर आई रडलीच नाही. शाळेच्या ऑफिसात नोकरी करते ती. दिवस झाल्यावर लगेच कामावर गेली, लोकांच्या मुलांचे दाखले देत बसली. घरी आली की बाबांच्या खुर्चीत बसायची आणि झोपायचीच नाही. डॉक्टरच्या गोळ्यांनी तिचं डोकं जड व्हायचं, म्हणून तिने त्या बंद केल्या. “एकदा येऊन तर बघ,” काकू म्हणाल्या, “माझं सहा महिन्यांचं अडलेलं मोकळं झालं. आणि पोरीला पण आण. घरात बसून बसून ती अजून मुकी होईल.” म्हणून कोपरीतल्या घरातून रेल्वेचा पूल ओलांडून आम्ही दोघी दर रविवारी जायला लागलो.

पहिल्याच सत्रात आई रडली. त्याला रडणं म्हणायचं का तेही मला कळलं नाही. तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. “अहो,” एवढंच म्हणत होती. बाबांना ती ‘अहो’ म्हणायची. मी तिचं डोकं धरून बसले. घरी आल्यावर ती वरणभात जेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपली. हे मला नाकारता येत नाही. दादांचा मला कितीही तिटकारा आला तरी, त्या दिवशी त्या गादीवर आईला जे मिळालं ते तिला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

दादांच्या हातात कसब होतं, हेही सांगायला हवं. पवार म्हणून एक अवाढव्य माणूस यायचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. एका रविवारी तो गादीवर इतका पिसाळला की दोघं साक्षी बाजूला फेकले गेले. दादा शांतपणे त्याच्या पाठीशी जाऊन बसले, दोन्ही हातांनी त्याला मागून धरलं आणि तो निवेपर्यंत तसेच बसून राहिले. पवार त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून “आये, आये” करत होता. दादांचा कुर्ता त्याच्या लाळेने भिजला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. मला वाटलं, माझंच चुकत असेल. माणूस मोठा असेल आणि मी फक्त नॅपकिन बघत असेन.

मग सगळे गेल्यावर चहा आला. दादांनी चहात खारी बुडवली आणि म्हणाले, “पवारांचं ऐकलंत का?” आणि त्यांनी तो आवाज काढला. “आयेऽऽ.” हुबेहूब. मान तशीच वाकडी, ओठ तसाच लोंबता. शिंदेकाकू हसता हसता खोकायला लागल्या. “दादा, तुम्ही पण ना. नाटकात जायला पाहिजे होतं.” खारीचा भिजलेला तुकडा दादांच्या हनुवटीवर पडला, तो त्यांनी जिभेने वर घेतला. मी माझा कप खिडकीत ठेवला. पुढच्या रविवारी पवार दादांच्या पाया पडला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

साक्षीलाही कधीतरी आडवं व्हावं लागतं, असा दादांचा आग्रह. एकदा मीही झाले. त्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. हाताची बोटं आपोआप वाकडी झाली, ओठ बधिर झाले, मग ढोल लांब गेले आणि मी आमच्या शाळेच्या रिकाम्या व्हरांड्यात उभी होते. ऊन होतं. कुणी काही विचारत नव्हतं. इतकं शांत मला आधी कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “तुला इथे कुणी मारलं होतं का?” आणि तो प्रश्न मला बाहेरून आल्यासारखा वाटलाच नाही. मलाच पडल्यासारखा वाटला. मी आठवायला लागले. व्हरांड्यात एक टीचर दिसायला लागल्या, त्यांचा हात वर झाला. मग लवंगेचा वास आला आणि मला कळलं, हा आवाज दादांचा आहे. मला शाळेत कुणी कधी हात लावला नव्हता. तरी त्या टीचर नंतर कितीतरी दिवस मला दिसत राहिल्या, वर केलेल्या हातासकट.

त्या दिवशी मला कळलं की आडवा पडलेला माणूस किती उघडा असतो. त्याच्यात कुणीही काहीही ठेवून जाऊ शकतं. आणि ते आपलंच आहे असं समजून तो ते घरी घेऊन जातो.

आईच्या बाबतीत हे व्हायला फार वेळ लागला नाही. एका रविवारी आम्हाला पोचायला उशीर झाला. तिला एसीच्या बरोबर खालची गादी मिळाली, जी कुणीच घेत नाही. अर्ध्या सत्रात ती कुडकुडायला लागली. गुडघे पोटाशी घेतले आणि “थंडी, थंडी” म्हणाली. मी उठून रिमोट घ्यायला गेले. दादांनी दुरूनच बोट हलवलं. मग जवळ येऊन माझ्या कानात म्हणाले, “साक्षीने काही बदलायचं नसतं. बघायचं फक्त.” मी माझी ओढणी आईच्या पायांवर घातली. दादा तिच्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलत बसले. ढोलांमुळे मला ऐकू आलं नाही.

आई सगळ्यांत शेवटी उठली. चित्रं काढण्यासाठी ऑइल पेस्टलचा एकच डबा फिरत असायचा. इतरांनी लाल, पिवळा, निळा पटापट उचलले होते, एकेकाच्या मुठीत तीन-तीन. डबा आईपर्यंत आला तेव्हा त्यात एक काळा खडू होता, बाकी रिकाम्या खाचा आणि रंगीत भुगा. तो डबा मीच तिच्या हातात दिला. बोलायचं नव्हतं, त्यामुळे तिने मागितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. तिने गोल भरून टाकला, जसा भरता येईल तसा.

वर्तुळात दादांनी तो कागद छातीशी धरला. पेन वरून बरोबर मधोमध टेकवलं.

“रेखाताई, तुमच्या आधी बहीण ना?”

“हो.”

“आणि तुमच्यानंतर भाऊ.”

“हो.”

“म्हणजे मुलगा हवा होता तेव्हा तुम्ही आलात.” “थंडी कुठली होती ही? पोटातली. आणि हा काळा बघा. एवढे रंग होते, पण ताईंनी कुठला निवडला? जिला आईने पोटात असतानाच नाकारलं, ती दुसरा कुठला निवडणार? तुम्हाला झोप नवऱ्यामुळे लागत नाही असं वाटत होतं तुम्हाला. नवरा तर निमित्त.”

भावंडांचं आईने त्यांना चहाच्या वेळीच सांगितलं होतं. मी समोर होते. पण वर्तुळात एक बाई हुंदका देऊन म्हणाली, “दादा, कसं दिसतं हो तुम्हाला?” आणि आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दादा नॅपकिन घेऊन पुढे सरकले.

माझी आजी कोपरला, लोकलने काही स्टेशनं पुढे, मामाकडे राहते. ऐंशीला आली आहे. आई ऑफिसातून आली की चहा ठेवायची आणि आजीला फोन लावायची. बोलणं रोज तेच. “काय भाजी केलीस?” “कारलं.” “धाकट्याने खाल्लं?” “नाकं मुरडत.” बाबा गेल्यावरही हा फोन चुकला नव्हता. त्या रविवारनंतर तो बंद झाला. आजीचा आला तर आई माझ्याकडे बघून मान हलवायची. आजीने माझ्याबरोबर मेतकुटाची बरणी पाठवली, ती पिशवीतच राहिली. “तिला विचार गं,” आजी मला म्हणाली, “माझं काय चुकलं ते सांग म्हणावं. मी हल्ली पटकन बोलून जाते.”

आणि बाबांचं नाव आमच्या घरातून गेलं. हे मला सगळ्यांत भयंकर वाटत होतं. आई पुन्हा जागी राहायला लागली होती, पण आता बाबांसाठी नाही. न आठवणारं काहीतरी आठवायचा प्रयत्न करत. एकदा मी धीर करून म्हटलं, “आई, त्या दिवशी एसी...”

“तू साक्षी होतीस,” ती शांतपणे म्हणाली. “दादा म्हणाले ना, साक्षीला बाहेरचंच दिसतं.”

मला बाहेरचंच दिसलं होतं.

मग दादांनी सांगितलं की आजीला घेऊन या. समोरासमोर माफी झाली की सगळं मोकळं होईल. आईने बऱ्याच दिवसांनी तिला फोन केला आणि फक्त “रविवारी नौपाड्यात येशील का?” एवढंच विचारलं. आजीला वाटलं, भांडण मिटलं. ती निळी इरकल नेसून आली, मामाने स्टेशनवरून रिक्षाने सोडलं. जिना चढताना तिने माझा हात धरला होता. दुसऱ्या हातात डबा.

“डॉक्टर कसे आहेत गं? रागीट नाहीत ना?”

“डॉक्टर नाहीत ते, आजी.”

“असू दे. रेखाला बरं करतायत ना.”

डब्यात नारळाच्या वड्या होत्या. तिने त्या दादांच्या हातात दिल्या. दादांनी झाकण उघडून लगेच एक तोंडात टाकली. “वा, आजी. क्या बात है.” मग तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. आई तिच्यासमोर गादीवर, डोळे मिटून. आजूबाजूला वर्तुळात सगळे: पवार, शिंदेकाकू, त्या साक्षी-बेटा म्हणणाऱ्या बाई. आईचं काळं चित्र दादांनी आजीच्या पायाशी ठेवलं.

आजीने ते बघितलं. “हे काय आहे?”

“हे तुमचं पोट आहे आजी,” दादा म्हणाले. “रेखाताई पोटात होत्या तेव्हाचं. तुम्हाला त्या नको होत्या.”

“मला?” आजीने आईकडे बघितलं. आईचे डोळे मिटलेलेच. “नाही हो. नको कशाला असेल? तिच्या वेळेस मला डोहाळे होते चिंचेचे...”

“वरवर तसंच वाटतं. खोल जा. मुलगा हवा होता की नाही घरात?”

“ते सासूबाईंना हवा होता. सगळ्यांनाच हवा असायचा तेव्हा.”

“बघा.” दादा वर्तुळाकडे वळले. दुसरी वडी त्यांच्या गालात होती, गाल फुगला होता. पुन्हा आजीकडे वाकून, लवंग आणि खोबऱ्याचा वास सोडत ते म्हणाले, “येऊ दे, आजी. तुमची मुलगी मोकळी होणार आहे. फक्त म्हणा, मला तू नको होतीस. मला माफ कर.”

आजीने पदर सारखा केला. तिचा हात खुर्चीच्या कडेवर काहीतरी शोधत होता. शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या माणसाला ती कधी नाही म्हणत नाही. बँकेतल्या पोराला म्हणत नाही, दवाखान्यातल्या पोरीला म्हणत नाही. आणि समोर तिची मुलगी होती, जिने इतक्या दिवसांत तिला फोन केला नव्हता.

“तुम्ही एवढं सांगताय म्हणजे असेलही,” ती म्हणाली. “इतकं जुनं मला आठवत नाही. रेखा बरी होणार असेल तर...” तिने हात जोडले. आपल्या मुलीसमोर. “रेखा, मला तू...”

कुणीतरी हुंदका दिला. शिंदेकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. पवार मान खाली घालून बसला होता. दादा गुडघ्यावर पुढे झुकले होते, नॅपकिन तयार, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती. तेच मला सहन झालं नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते स्वतःलाही पटलं होतं.

मी उभी राहिले. वर्तुळात कुणी उभं राहत नाही, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. दादांनीही. त्यांनी हसून ओठांवर बोट ठेवलं. ओठाच्या कोपऱ्यात खोबऱ्याचा पांढरा कण चिकटलेला होता. मी पाहिलेला दादांचा तो शेवटचा चेहरा. पुढे मी तिथे कधी गेले नाही.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“आजी, थांब. काही म्हणू नकोस,” मी म्हटलं. “आई, तू एसीखाली होतीस म्हणून तुला थंडी वाजत होती. आणि काळा रंग तू निवडला नव्हतास. डबा मीच दिला तुझ्या हातात. त्यात तेवढा एकच उरला होता.”